गाळ उपसायचा, झाकायचा की राहू द्यायचा?

शहरी तलावाच्या गाळात जड धातू निघाले की बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सगळा गाळ काढून टाका." ऐकायला बरं वाटतं, आणि कधी कधी तेच बरोबरही असतं. पण माझ्या मते निर्णय धातू किती आहेत यावर घेऊ नये. ते गाळात किती घट्ट धरलेले आहेत, यावर घ्यावा.

तळात नळी खोचून काढलेला गाळाचा नमुना एकदा स्वतः बघा. वरचे काही मिलिमीटर तपकिरी. त्याखाली काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ गाळ, आणि कुजक्या अंड्यांचा वास. हा काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा, म्हणजे लोह आणि गंधकाच्या संयुगाचा. तोच गाळ ट्रेमध्ये उघडा ठेवला की थोड्या वेळाने वरून करडा-तपकिरी पडायला लागतो. तळाशी प्राणवायू नसतो तोवर शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम, निकेल सल्फाइडला बांधलेले राहतात. हवा लागली की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं, आम्ल तयार होतं आणि बांधलेले धातू सुटायला लागतात. क्रोमियमची तऱ्हा वेगळी, पण बाकीच्यांचं हे असं आहे.

आता उपसा. त्याचा मोठा फायदा खराच आहे. धातू कुजत नाहीत, विरत नाहीत. तलावातून काढले तरच जातात. शिवाय खोली वाढते. उथळ झालेल्या, पाणी साठवायला हव्या असलेल्या तलावाला दुसरा पर्याय फारसा नाहीच.

खोच खालच्या थरांत आहे. शिसेयुक्त पेट्रोल १९२३ पासून विकलं जात होतं आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते जगभरातून पूर्ण बंद व्हायला २०२१ उजाडलं. त्यामुळे जुन्या तलावांत शिशाचं सर्वात जास्त प्रमाण बऱ्याचदा वरच्या थरात नसून त्याखाली गाडलेलं असतं. वरचा अर्धा मीटर काढून थांबलात तर तोच थर उघडा पाडून ठेवाल. उपसताना गाळ ढवळतो, पाण्यात भोवती पडदे लावले तरी थोडा निसटतो, आणि ड्रेजर (गाळ उपसणारं यंत्र) कितीही चांगला असला तरी तळावर पातळ थर मागे राहतोच. पंपाने खेचलेल्या गाळात बहुतेक पाणीच असतं. ते गाळून, तपासून मगच सोडावं लागतं. राहिलेला गाळ वाळवायला जागा लागते, आणि वाळवणं म्हणजे वर सांगितलेला ट्रेचा प्रयोग हेक्टरी प्रमाणावर करणं. "सुपीक गाळ आहे, शेतात पसरा" हा सल्ला इथे चालत नाही. आधी त्यातून पाण्यात काय उतरतं ते बघायचं.

झाकणं म्हणजे गाळावर स्वच्छ वाळूचा थर, गरज पडल्यास धातू धरून ठेवणाऱ्या खनिजांसकट. गाळ ढवळत नाही, वाहून न्यायचा प्रश्न नाही, आणि मुख्य म्हणजे सल्फाइडला हवा लागत नाही. तळातल्या अळ्या आणि किडे साधारण वरच्या ५ ते १० सेंटिमीटरमध्ये गाळ उकरत राहतात, म्हणून थर त्याहून जाड हवा; ३० सेंटिमीटरच्या आसपासचे थर नेहमीचे आहेत. लोण्यासारख्या गाळावर वाळू एकदम ओतली तर ती आत रुतते किंवा घसरते. पातळ थर देत, दम धरून काम करावं लागतं. तळातून भूजलाचे झरे येत असतील, बोटींचे पंखे तळ ढवळत असतील किंवा खोली आधीच कमी असेल, तर झाकण्याच्या भानगडीत पडू नका. आणि थराची तपासणी कायमची मागे लागते.

राहू देणं, म्हणजे वरून येणाऱ्या स्वच्छ गाळाखाली जुना गाळ आपोआप गाडला जाऊ देणं, हा पर्याय स्वस्त म्हणून हिणवला जातो. येणारा गाळ खरोखर स्वच्छ असेल तर तो उत्तम आहे. शहरात तसा तो क्वचित असतो: टायरांच्या झिजेतलं आणि पत्र्यांवरचं जस्त, ब्रेकमधलं तांबं प्रत्येक पावसात नाल्यातून येतच राहतं. नाल्याच्या तोंडाशी काही करणार नसाल, तर तिन्ही पर्याय सारखेच वाया.

मोठी उदाहरणं बघितली तर कुणी एकाच पर्यायावर विसंबलेलं दिसत नाही. जपानमधलं मिनामाता हा तलाव नसून उपसागर, पण पाऱ्याच्या गाळाचं सर्वात गाजलेलं काम तिथलं. १९७७ ते १९९० या काळात २५ पीपीएमहून (दहा लाखांत २५ भाग) जास्त पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळला गेला; काही उपसला, काही बांधामागे जागेवरच गाडला, आणि त्यातून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनोन्डागा तलावात २०१२ ते २०१४ उपसा झाला, झाकण्याचं काम २०१६ पर्यंत चाललं, आणि खोल भागात चक्क नायट्रेट सोडलं गेलं, म्हणजे तळातले जिवाणू पाऱ्याचं अधिक विषारी मिथाइल-पाऱ्यात रूपांतर करणार नाहीत. धातूनुसार औषध बदलतं, ते असं.

अहवालातले आकडे वाचताना २००० साली मांडलेल्या गोड्या पाण्यातल्या गाळाच्या मर्यादा हाताशी ठेवा. कोरड्या गाळाच्या किलोमागे शिसं १२८, तांबं १४९, जस्त ४५९, कॅडमियम ४.९८ मिलिग्रॅमच्या वर असेल तर जलचरांना अपाय होण्याची शक्यता जास्त, शिसं ३५.८ किंवा जस्त १२१ च्या खाली असेल तर कमी. पण हे एकूण धातूचे आकडे. लॅबकडून सल्फाइड आणि त्याला बांधले जाणारे धातू यांची तुलनाही मागवा: सल्फाइड जास्त भरलं तर हे धातू आज तरी बांधलेले आहेत. चिकणमातीत धातू मुळातच जास्त साठतात, म्हणून एका ठिकाणची वाळू आणि दुसऱ्या ठिकाणची चिकणमाती शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

मी स्वतः नाल्याच्या तोंडापाशी, जिथे आकडे सर्वात वाईट आणि पाणी उथळ, तेवढाच भाग पूर्ण खोलीपर्यंत उपसेन, खोल भाग झाकेन आणि बाकीच्याला हात लावणार नाही. आणि उपशाच्या निविदेत गाळ कुठे वाळणार, त्याचं निथळलेलं पाणी कुठे जाणार हे लिहिलेलं नसेल, तर ती तशीच परत पाठवेन.