चार लोबचे पैसे, तीन लोबचा माल

डेट्रॉइटच्या परिसरात नोकरी करणाऱ्या मराठी इंजिनीअरला एखाद्या जुन्या अमेरिकन गाडीचं वेड लागलं तर नवल नाही. माझं वेड म्हणजे २००३ सालची मस्टँग कोब्रा. ४.६ लिटरचं व्ही-८, त्यावर ईटन कंपनीचा एम-११२ सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप), कंपनीचा आकडा ३९० हॉर्सपॉवर. घेतली तेव्हापासून गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली की चार्जरच्या पुढच्या तोंडातून गोट्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज यायचा. पळायला लागली की तो शिटीत बुडून जाई, म्हणून मी कानाडोळा केला. गेल्या हिवाळ्यात मात्र ठरवलं, आता नव्या पिढीचा चार्जर बसवायचा.

पिढ्यांचा हा विषय माझ्या आवडीचा, आणि नेमका तिथंच मी सापडलो. जुन्या एम मालिकेत प्रत्येक रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या जोडीतल्या प्रत्येक दांड्याला, तीन लोब (लांब उंचवटे) आणि ६० अंशांचा पीळ. १९८९ च्या थंडरबर्ड सुपर कूपमध्ये एम-९० आला तेव्हापासून हे चालत आलं. पुढची पिढी टीव्हीएस (आपल्या मोपेडवाला नव्हे), २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर-१ मध्ये होता तो. त्यात चार लोब आणि पीळ तब्बल १६० अंशांचा. दोन्ही पिढ्या रूट्स जातीच्या. हा चार्जर हवा पोटात दाबत नाही, नुसती उचलून पलीकडे टाकतो. पलीकडची दाबलेली हवा उलटी आत घुसते आणि त्या झटापटीत तापते. पीळ वाढला की ही झटापट कमी होते, हवा थंड राहते. गरम हवेवर इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटून ठोके पडतात, मग गाडीचा संगणक ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि कागदावरची ताकद कागदावरच राहते. एवढं सगळं मला पाठ होतं.

जुने चार्जर नव्यासारखे करून देणारा, दुसऱ्या राज्यातला एक रिबिल्डर सापडला. फोनवर तासभर बोललो. लोब, पीळ, तापमान, सगळे आकडे अचूक. ‘‘तुझ्या एम-११२ चं कव्हर ठेवतो, आत १.९ लिटर टीव्हीएसचे रोटर घालतो. ११२ घनइंच म्हणजे १.८ लिटर, फरक कितीसा? आरामात मावतात.’’ मला ते पटलं! पीळ १०० अंशांनी वाढला तर हवा आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ बदलणार, म्हणजे कव्हरची तोंडंही बदलणार, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. कुणी जुन्या कव्हरात नवी पिढी देतो म्हणाला तर तिथंच फोन ठेवा.

माझा चार्जर काढून पाठवला. २,६०० डॉलर त्याच्या सांगण्यावरून ओळखीतल्या माणसाला पाठवतात त्या पर्यायाने भरले. ‘‘फी वाचते,’’ म्हणाला. त्याची वाचली. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंच संरक्षण नसतं.

सहा आठवड्यांनी खोकं आलं. चकचकीत काळा रंग, हवेच्या दोन्ही तोंडांवर पिवळी टेप आणि चिठ्ठी: टेप बसवतानाच काढावी, आधी काढल्यास वॉरंटी नाही. गॅरेजमध्ये हात बधिर करणारी थंडी होती. जवळच्या नोव्हाय गावाहून आलेला माझा सांगलीकर मित्र एका बाजूनं धरून उभा होता. मी खालची टेप ओढली आणि चार्जर तसाच इंजिनवर ठेवला. खालच्या तोंडातून रोटर उघडे दिसतात. वाकून बघायला दोन सेकंद लागले असते.

गाडी सुरू केली. गोट्यांचा डबा!

‘‘अरे, हा तर तुझा जुनाच आवाज आहे,’’ मित्र म्हणाला.

‘‘आतला जोड, कपलर, नवा आहे, बसायला वेळ लागतो. पाचशे मैल चालव म्हणालाय.’’

मी चालवली. बूस्टचा, म्हणजे कोंबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा पूर्वीइतकाच, आठ पीएसआयवर. आत जाणाऱ्या हवेचं तापमान मी वहीत लिहून ठेवतो. जुनी पानं आणि नवी पानं शेजारी ठेवली तरी फरक सांगता येईना. पाचशे मैल झाले, तोवर त्याचा फोन उचलणं बंद झालं होतं.

एप्रिलमध्ये चार्जर उतरवला आणि वर्तमानपत्रावर उलटा ठेवला. मित्र शेजारी चहा घेऊन उभा. ‘‘मोज,’’ म्हणाला. एक, दोन, तीन. पुन्हा फिरवून मोजले, तरी तीनच. लोबच्या कडांवरचा काळा थर झिजून आतलं ॲल्युमिनियम चमकत होतं. पुढच्या तोंडातलं तेल काढलं तर डांबरासारखं काळं, आणि वास असा की मित्र चहा घेऊन अंगणात गेला.

मग एका बोल्टच्या भोकाकडे लक्ष गेलं. आत तारेच्या आट्यांचं हेलिकॉइल होतं. तीन वर्षांपूर्वी आटे गेले म्हणून मीच बसवलेलं, जरा तिरकं. माझाच चार्जर रंग फासून मला परत आला होता. ते भोक योगायोगाने ओळखीचं निघालं. तुम्ही चार्जर बदल्यात पाठवणार असाल तर आतल्या बाजूला मुद्दाम एक खूण करा. आणि पैसे कार्डाने, तेही बाहेर पडण्याच्या तोंडातून रोटर दिसतील असा फोटो हातात आल्यावर. त्या दिवशीच्या तारखेचा कागद शेजारी ठेवायला सांगा. फोटो आला की लोब मोजा.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. तक्रार नोंदवली आहे, पोच मिळाली आहे.

राहता राहिला गोट्यांचा आवाज. पुढच्या तोंडातला प्लॅस्टिकचा कपलर, ज्यातून पुलीची फिरकी रोटरपर्यंत जाते, त्याची भोकं झिजून लांबट झाली होती. नवा कपलर आणि तेलाची बाटली मिळून शंभर डॉलरच्या आत काम झालं. आवाज गेला. काळा रंग मात्र तसाच ठेवलाय, बरा दिसतो.