मारुती ओम्नीच्या मागच्या एक्सलचे ऑइल सील : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मागच्या डाव्या चाकाकडचे एक्सल सील बदलून आमची ओम्नी पुन्हा रस्त्यावर आली, त्याला आता एक उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा उलटला आहे. सील बदलल्यावर पहिले काही दिवस सगळेच कोरडे दिसते, त्यामुळे दुरुस्तीच्या आठवड्यात लिहिलेल्या कौतुकाला फारसा अर्थ नसतो. कोल्हापूर ते रत्नागिरी अशा आंबा घाटातल्या फेऱ्या, भर पावसातले पाणी साचलेले रस्ते आणि मागे भरलेले सामान एवढे सगळे सोसून झाल्यावर मात्र काही ठामपणे सांगता येते.

ओम्नी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ पासून ओम्नी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली, तिथून प्रोपेलर शाफ्ट मागे आणि पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला सलग एक्सल, अशी तिची साधी रचना आहे. डिफरन्शियलमधले, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीतले, दाट ऑइल दोन्ही बाजूंच्या नळीतून चाकाच्या दिशेने सरकत असते आणि त्याला ब्रेक ड्रममध्ये शिरण्यापासून अडवणारी वस्तू म्हणजे हे रबरी ओठांचे छोटे सील. गाडी आडव्या उतारावर उभी राहत असेल, तर खालच्या बाजूच्या सीलवर ऑइल रात्रभर साचून राहते. आमच्या दारात नेमकी तीच अवस्था आहे.

लक्षणे ओळखीचीच होती. चाकाच्या आतल्या बाजूला काळा चिकट थर, हँडब्रेक ओढूनही चढावर गाडी मागे सरकणे आणि ब्रेक दाबल्यावर मागचे चाक कधी न धरणे, तर कधी अचानक धरणे. गळती दिसली की लगेच सीलला दोष देऊ नये, कारण त्याच ड्रममधल्या, ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरमधूनही द्रव गळू शकतो. दोन्हींतला फरक बोटाने कळतो: ब्रेक ऑइल पातळ असते, पाण्याने धुऊन जाते आणि रंगावर पडले तर रंग उठवते, गिअर ऑइल दाट असते, पाण्याला दाद देत नाही आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो. आमच्या ड्रममध्ये दर्पच आधी आला.

एका गॅरेजने सुरुवातीला फक्त सील बदलून दिले आणि काही आठवड्यांतच बॅकप्लेट, म्हणजे ब्रेक ड्रममागची पत्र्याची तबकडी, पुन्हा ओली झाली. सील निकृष्ट निघाले, असे तिथे सांगण्यात आले. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते, कारण सील हे बहुतेक वेळा आजाराचे ठिकाण असते, कारण नसते. कारणे दोन निघाली. पहिले म्हणजे एक्सल हाउसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, माथ्यावरचा हवा आत-बाहेर जाऊ देणारा ब्रीदर चिखलाने पूर्ण बुजला होता. गाडी चालून एक्सल तापला की आतली हवा प्रसरण पावते. तिला वर वाट मिळाली नाही, तर ती ऑइलला सीलच्या ओठांमधून बाहेर रेटते. हे तपासायला साधने लागत नाहीत. लांबचा प्रवास करून आल्यावर डिफरन्शियलचा भरण्याचा बोल्ट सावकाश सैल करावा आणि कान द्यावा. फुस्स असा आवाज आला, तर ब्रीदर बंद आहे असे समजावे. दुसरे कारण म्हणजे चाकाच्या बेअरिंगमधला खेळ. या रचनेत गाडीचा भार आणि वळणावरचा आडवा जोर एक्सल शाफ्टवरच येतो, त्यामुळे बेअरिंग ढिले झाले की शाफ्ट सीलच्या आत डुलत फिरतो आणि कितीही चांगले सील असले तरी त्याचा एक ओठ झिजतो, दुसरा मोकळा राहतो. चाक अधांतरी करून वरून-खालून धरून हलवले, तेव्हा हा खेळ हाताला स्पष्ट जाणवला.

दुसऱ्या वेळी काम शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याच्या मदतीने करून घेतले आणि शेवटपर्यंत शेजारी उभा राहिलो. ड्रम, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल सुटी केल्यावर बॅकप्लेटचे नट काढून शाफ्ट सरकत्या हातोड्याच्या पुलरने बाहेर ओढला. बेअरिंगला जागेवर धरणारे पोलादी कडे ग्राइंडरने शाफ्टला धक्का न लावता पातळ करून छिन्नीने तडकवावे लागते आणि तेच कडे पुन्हा वापरता येत नाही. नवे बेअरिंग आणि नवे कडे हायड्रॉलिक प्रेसवरच चढवलेले बरे. हातोड्याने ठोकून बसवणारेही भेटतात, पण त्या ठोक्यांचे व्रण नव्या बेअरिंगच्या आत राहतात आणि घरघर पुढे ऐकू येते.

सील बसवताना जे पाहिले, ते इथे मुद्दाम सविस्तर लिहितो. हाउसिंगचे तोंड आतून बोट फिरवून तपासले, तेव्हा जुने सील उचकटताना स्क्रूड्रायव्हरने पडलेली एक धारदार ओरखड लागली. ती बारीक पॉलिश पेपरने उतरवली. सीलची स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे, म्हणजे आत ठेवली, दोन्ही ओठांच्या मधल्या खोबणीत थोडे ग्रीस भरले आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा गुटका लावून ते सर्व बाजूंनी सारखे आत सरकवले. जुन्या सीलच्या ओठांनी शाफ्टवर ते टेकतात त्या पट्ट्यावर नखाला लागेल इतकी रेघ पाडली असेल, तर जागा असल्यास नवे सील एखाद-दीड मिलीमीटर अलीकडे थांबवावे, म्हणजे ओठ कोऱ्या पट्ट्यावर टेकतात. सर्वांत नाजूक क्षण शाफ्ट परत घालण्याचा असतो. शाफ्टच्या टोकाचे दाते सीलच्या खालच्या ओठावरून घसरत गेले, तर नवे सील गाडी सुरू होण्याआधीच फाटते. म्हणून एकाने शाफ्टची बाहेरची चकती, म्हणजे फ्लँज, धरून शाफ्टचे वजन उचलून ठेवले आणि दुसऱ्याने तो हलकेच फिरवत दाते डिफरन्शियलमध्ये बसवले. बॅकप्लेट आणि हाउसिंग यांच्यामध्ये सीलंटचा पातळ थर दिला. शेवटी ब्रेकमधली हवा काढली.

ऑइल भिजलेले लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचे घासणारे अस्तर, पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याची पद्धत अजून चालू आहे. ती टाळावी, कारण लायनर तेल पितो आणि ब्रेक तापले की ते परत बाहेर सोडतो. आम्ही दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलले. जुन्या ड्रममधली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये, हेही आवर्जून सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ओल्या फडक्याने पुसलेले बरे.

आता निकाल. पावसाळा संपल्यावर डावा ड्रम मुद्दाम उघडला. बॅकप्लेट कोरडी होती, लायनर दोन्ही बाजूंना सारखे झिजले होते, आणि ओठांभोवती ग्रीसचा जो किंचित ओलावा दिसला त्याला गळती म्हणता येणार नाही. एपीआय जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत भरले होते, ते अजून तिथेच आहे. काठाच्या वर बळेच ऑइल भरणारे ‘थोडे जास्त असलेले चांगले’ असे म्हणतात. ते जास्तीचे ऑइल सीलवरच येऊन पडते. भारी किमतीचे व्हिटॉनचे सील घ्यावे का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. व्हिटॉन साध्या नायट्राइल रबरापेक्षा बरीच जास्त उष्णता सोसते, हे खरे. पण ओम्नीच्या मागच्या एक्सलला नेहमीच्या वापरात तेवढी उष्णता नसते, आणि बुजलेला ब्रीदर व्हिटॉनलाही हरवतो. तेच पैसे बेअरिंगवर घालावेत. खर्चाचा मोठा भाग तसाही मजुरी, बेअरिंग आणि शू यांचाच असतो.

उजवीकडचे सील बदललेले नाही, कारण तिथे ओल नव्हती आणि बेअरिंगही घट्ट होते. चांगल्या बाजूचा शाफ्ट उगीच ओढून काढावा, असे मला वाटत नाही.

खरी कुरबूर ब्रीदरबद्दल आहे. मूळची टोपी चिखलाच्या वाटेतच आहे, आणि तापलेला एक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा आकसून त्याच टोपीतून पाणी शोषले जाऊ शकते. मग ऑइल दुधाळ होते. म्हणून लेथवर एक छोटा निपल करून घेतला आणि ऑइल सोसणारी रबरी नळी जोडून ती तळाच्या पत्र्याखाली उंच बांधून टाकली. पावसाळ्यानंतर तपासलेले ऑइल स्वच्छ होते, म्हणजे युक्ती लागू पडली. फक्त पाट्यांवर एक्सल वर-खाली होताना नळी हँडब्रेकच्या केबलला घासू लागली आहे, तेव्हा तिचा मार्ग बदलून आणि थोडा जास्त ढील ठेवून ती पुन्हा बांधायची आहे.