प्लास्टिनेटेड मानेचा सेट, आठ महिन्यांनंतर : सगळं पटलं, पण ती एक नर्व्ह!

प्लास्टिनेटेड, म्हणजे पाणी-चरबी काढून सिलिकॉन भरून टिकवलेल्या खऱ्या मानेचा हा सेट वर्गात वर्षभर वापरून मगच लिहायचं ठरवलं होतं. पण गेल्या आठवड्यात त्यातली डावी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह (स्वरयंत्राचे स्नायू हलवणारी नस) तुटली आणि आता राहवत नाही.

सेट घेतला तोच मुळी या नर्व्हसाठी. महाधमनीच्या कमानीसकट मान असलेला नमुना सहसा मिळत नाही. डावी नर्व्ह कमानीखालून वळसा घेऊन श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या खोबणीतून वर चढते, उजवी मात्र हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीखालूनच परत फिरते. छातीतल्या गाठीने आवाज का बसतो, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत सर्जन कशाला जपतो, हे या एका वळशात दिसतं. आकृतीवर अर्धा तास घालवूनही मुलांच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते इथे दोन मिनिटांत शिरलं.

आणि तीच तुटली, स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या क्रिकॉइड कूर्चेच्या जरा खाली. प्रत्येक बॅच तिला चिमट्याने उचलून पाहते. ॲसिटोनने पाणी आणि चरबी काढून निर्वातात सिलिकॉन भरलं, की स्नायू दणकट होतात, पण एवढी बारीक नर्व्ह सुकलेल्या दोऱ्यासारखी उरते. पुरवठादाराचं उत्तर : हाताळणीतलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, हातात घेऊन शिकण्यासाठीच विकलात ना? तीन ईमेल झाले. दुरुस्ती करू म्हणतात, पण जाण्यायेण्याचा खर्च आमचा. तो मी देणार नाही. खाली बारीक तारेचा आधार देऊन थेंबभर इन्स्टंट ग्लूने जोडली आहे.

सुरुवातीला वाटलं होतं, आता फॉर्मलिनमध्ये (फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात) ठेवलेल्या जुन्या नमुन्यांच्या बरण्या काढूनच टाकाव्यात. या सेटने डोळे चुरचुरत नाहीत, हातमोजे काढल्यावरही वास मागे लागत नाही. फॉर्मल्डिहाइडला २००४ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय, हेही मनात होतंच. चौथ्या महिन्यात मत बदललं. पोस्टिरिअर क्रिकोअॅरिटेनॉइड हा स्वरतंतू उघडणारा एकमेव स्नायू. बरणीतल्या स्वरयंत्रात तो ओढला की स्वरतंतूला जोडलेलं कूर्चेचं अॅरिटेनॉइड फिरतं, फट थोडी का होईना उघडते. प्लास्टिनेटेड स्वरयंत्रात काहीच हलत नाही. बरण्या कपाटातून परत बाहेर आल्या.

बाकी कॅरॉटिड धमनीचं विभाजन, हायॉइड हाड, क्रिकोथायरॉइड पडदा, सगळं चोख. रंग फिके आहेत, त्याचं काही नाही. देहदानाच्या संमतीचे कागद पहिल्याच दिवशी मिळाले. ते मिळाले नसते तर खोकं उघडलंच नसतं.

घेणार असाल तर पैसे देण्याआधी बारीक नर्व्हच्या दुरुस्तीचं लेखी घ्या. आमच्याकडे आता त्या नमुन्याजवळ चिमटा ठेवत नाही. नर्व्ह दाखवायची ती बोटाने, न उचलता.