ब्रेन ट्यूमर: रेडिएशन सहा आठवडे की तीन, सोबत किमो की नको, आणि कशाची तयारी किती

बाबांचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा ग्रेड ४ आलं, म्हणजे मेंदूच्या गाठींतला सगळ्यात आक्रमक प्रकार. मग डॉक्टरांनी दोन पर्याय समोर ठेवले, सहा आठवड्यांचं रेडिएशन किंवा तीन आठवड्यांचं, आणि दोन्हीत किमोच्या गोळ्या सोबत घ्यायच्या की नाही ते वेगळं. म्हणाले बाबांशी बोला आणि परवा सांगा. तेव्हा जे समजून घेतलं आणि नंतर रोजच्या धावपळीत जे कळलं ते सगळं इथे लिहितोय. ज्यांच्या घरी आत्ता हाच प्रश्न आहे त्यांना तरी एका जागी मिळू दे.

आधी सहा आठवड्यांचं. सोमवार ते शुक्रवार रोज एक सिटिंग, अशा ३०, एकूण डोस ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक). सोबत टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे किमोच्या गोळीच्या, कॅप्सूल रोज, शनिवार-रविवारसुद्धा. रेडिएशन संपलं की साधारण चार आठवडे विश्रांती आणि मग दर २८ दिवसांत ५ दिवस कॅप्सूल, अशा ६ सायकल. ही पद्धत २००५ मध्ये आलेल्या मोठ्या ट्रायलमुळे रूढ झाली, त्यात १८ ते ७० वयाचे पेशंट होते. नुसत्या रेडिएशनवाल्यांच्या जगण्याचा मधला आकडा १२.१ महिने होता, गोळ्या जोडल्यावर १४.६. मधला आकडा म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले. दोन महिन्यांसाठी एवढं करायचं का असं मलाही वाटलं होतं, पण त्याच ट्रायलमध्ये दोन वर्षांनंतर हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले होते. माझ्या मते बघायचा आकडा हा आहे.

तीन आठवड्यांचं म्हणजे १५ सिटिंग, ४० ग्रे. आमचा पहिला समज असा की हे म्हणजे अर्धवट ट्रीटमेंट, म्हातारा माणूस म्हणून गुंडाळतायत. तसं नाहीये. प्रत्येक सिटिंगचा डोस थोडा मोठा असतो, आणि ६० च्या पुढच्या पेशंटमध्ये दोन्ही पद्धती शेजारी ठेवून २००४ मध्ये तुलना झाली तेव्हा जगण्याच्या काळात फरक दिसला नाही, उलट तीन आठवडेवाल्यांमध्ये नंतर स्टेरॉइड (मेंदूची सूज कमी करणारं औषध) वाढवायची वेळ कमी जणांवर आली. पुढे २०१७ मध्ये ६५ च्या वरच्यांमध्ये ह्याच छोट्या कोर्सला टेमोझोलोमाइड जोडून पाहिलं तर जगण्याचा मधला आकडा ७.६ महिन्यांवरून ९.३ वर गेला. आणि ज्यांच्या गाठीत एमजीएमटी मिथायलेशन होतं (म्हणजे किमोने झालेलं नुकसान दुरुस्त करणारं एमजीएमटी नावाचं जनुक गाठीत दबलेलं होतं) त्यांच्यात ७.७ चे १३.५.

हा एमजीएमटीचा रिपोर्ट निर्णयाआधी मागाच. गाठीच्या तुकड्यावरच ती टेस्ट होते, पेशंटला पुन्हा टोचावं लागत नाही. मिथायलेटेड आलं तर किमोचा फायदा होण्याची शक्यता बरीच जास्त, अनमिथायलेटेड आलं तर कमी, आणि मग वय झालेल्या, खचलेल्या माणसाला गोळ्या द्यायच्या का हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारता येतो. बाबा ६८ चे, स्वतः आंघोळ करणारे, रिपोर्ट मिथायलेटेड. आम्ही तीन आठवडे अधिक गोळ्या घेतलं. पेशंट पन्नाशीतला, चालता-बोलता असता तर मी विचार न करता सहा आठवडे घेतले असते. सत्तरी ओलांडलेला, बराच वेळ अंथरुणावर असलेला असेल तर तीन आठवडे, आणि सहा आठवड्यांचा हट्ट धरणाऱ्या नातेवाइकांना शांतपणे वरची तुलना सांगायची. (ग्रेड २ किंवा ३ ची गाठ असेल तर हे आकडे तुमचे नाहीत, तिथे हिशोब वर्षांचा असतो आणि किमोही कधी कधी वेगळी, पीसीव्ही नावाची असते.)

रेडिएशनची तयारी

ही सगळी सुरुवातीलाच असते. पहिल्या सिटिंगच्या आधी मास्क बनतो. जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात टाकून मऊ करतात आणि झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात, गरम ओल्या रुमालासारखं वाटतं म्हणाले बाबा, आणि काही मिनिटांत ती तशीच कडक होते. मग मास्क टेबलाला अडकवून सीटी स्कॅन. प्लॅनिंगला त्यानंतर काही दिवस जातात, सिटिंग लगेच सुरू होत नाही, त्याने घाबरू नका.

केस कापायचे असतील तर मास्कच्या आधी कापा, नंतर कापले तर मास्क सैल बसतो. आणि स्टेरॉइडने चेहरा सुजतो. दुसऱ्या आठवड्यात बाबांना मास्क इतका घट्ट व्हायला लागला की कपाळावर जाळीचे चौकोन उमटून तासभर तसेच राहायचे, आणि ते कुणाला बोललेच नाहीत. मी गाडीत बघितलं तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी टेक्निशियनना सांगितलं, त्यांनी बघून मास्क बदलला. बंदिस्त जागेची भीती असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा, आधी हलकी गोळी देता येते. आत कॅमेरा आणि माईक असतो, हात वर केला की थांबवतात. दुखत नाही, काहींना निळा उजेड दिसतो किंवा विचित्र वास येतो, बाबांना वास यायचा.

आणि केस जातात ते ह्या गोळ्यांमुळे नाही, रेडिएशनमुळे, जिथून किरण जातात तेवढ्याच भागात, साधारण दोन-तीन आठवड्यांनी. टेमोझोलोमाइडने फार तर थोडे विरळ होतात.

किमोची तयारी

ही उलट. सलाईन नाही, अ‍ॅडमिट नाही, म्हणून सोपं वाटतं, पण सगळी जबाबदारी घरच्यांवर येते आणि ती संपत नाही. कॅप्सूल रिकाम्या पोटी, रोज एकाच वेळेला, उलटीची गोळी त्याच्या अर्धा-एक तास आधी. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही. रोजचा डोस वेगवेगळ्या पॉवरच्या कॅप्सूल मिळून होतो, तिथेच गोंधळ होतो, म्हणून मी कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात कुठल्या किती ते लिहून ठेवलं होतं आणि दिली की काट मारायची. उलटीच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध आधीच मागून घ्या.

रेडिएशन चालू असताना दर आठवड्याला रक्त तपासतात, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी पडल्या तर गोळ्या थांबवतात. फुफ्फुसाचं इन्फेक्शन होऊ नये म्हणून को-ट्रायमॉक्साझोल देतात, ते साधं अँटिबायोटिक समजून बंद करू नका. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की रात्र असली तरी फोन करायचा, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. पेशंट तरुण असेल आणि पुढे मूल हवं असेल तर वीर्य किंवा बीजांडं साठवायचं गोळ्या सुरू व्हायच्या आधी विचारा.

दोन्हीकडे सारखं काय तर थकवा. तो रेडिएशन संपल्यावर आठवडा-दोन आठवडे आणखी वाढतो, आम्हाला वाटलं आजार वाढला. फिटच्या गोळ्या एकही चुकवायची नाही. डेक्सामेथासोन (हेच ते स्टेरॉइड) सकाळी द्या, नाहीतर रात्रभर जागरण, शुगरवर लक्ष ठेवा आणि स्वतःहून अचानक बंद करू नका.

रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसली तर लगेच कोसळू नका. पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याचदा ती उपचाराचीच सूज असते, आणि ती ओळखायला डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. बाबांचं तसंच झालं होतं, पुढच्या स्कॅनमध्ये ती सूज उतरलेली दिसली.