हॉब, शेगडी की इंडक्शन? आधी भाकरीचा तवा आणि रश्श्याचं पातेलं बाहेर काढा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नव्या फ्लॅटचा किचन कट्टा करायला घेतला तेव्हा माझी धाकटी जाऊ मोबाइलमध्ये एक चित्र घेऊन आली. काळा ग्रॅनाइट, त्यात सपाट बसवलेला चार बर्नरचा काचेचा हॉब, वर चिमणी. "अक्का, मिस्त्री उद्या कटिंगला येतोय. हॉब घेऊ, का आपली शेगडीच बरी? का सरळ इंडक्शन करून टाकू?"

"मिस्त्रीला दोन दिवस थांबव," मी म्हटलं. "ग्रॅनाइट एकदा कापला की शिवता येत नाही."

मी या तिन्हींवर स्वयंपाक केलाय. लग्नानंतर बरीच वर्षं पितळी बर्नरची शेगडी, मग हौसेनं हॉब, तो सहा वर्षं. आता पुन्हा शेगडी आणि तिच्या शेजारी इंडक्शन. लोक शेगडीवरून हॉबवर जातात, मी उलटी आले. त्यामुळं माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं आहे, ते धरूनच वाचा.

हॉब आणि शेगडी: आग एकच, बैठक वेगळी

दुकानदार हॉब दाखवताना असं बोलतो की जणू त्यातून वेगळाच गॅस येतो. तसं काही नाही. तोच १४.२ किलोचा सिलिंडर, तोच रेग्युलेटर, तीच निळी ज्योत. आपल्याकडच्या मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. बर्नर चांगला असेल, जेट (गॅस सोडणारी बारीक तोटी) साफ असेल आणि ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर जात नसेल, तर गॅस वाचतो. मग ती शेगडी कट्ट्यावर असो की कट्ट्यात. हॉब घेतला म्हणून सिलिंडर जास्त दिवस पुरला, असं माझ्याकडं तरी झालं नाही.

खरा फरक उंचीत आहे, आणि तो कुणी सांगत नाही. शेगडी कट्ट्यावर चार ते सहा इंच उभी राहते. हॉबची जाळी जेमतेम दीड-दोन इंच वर येते. जुना कट्टा शेगडी धरून केलेला असतो, म्हणजे ३२ इंचांच्या आसपास. त्यातच हॉब बसवला की तवा खाली जातो आणि दहा भाकऱ्या होईपर्यंत कंबर बोलायला लागते. उलट, नवा कट्टा हॉबच्या हिशोबानं उंच करून घेतला आणि पुढं कधी शेगडी ठेवायची वेळ आली, तर मोठ्या पातेल्यात डोकावायला पाट लागेल. माझ्या हॉबचं पहिलं दुखणं हेच होतं. आधी ३२ इंचांचा कट्टा, त्यात हॉब, आणि वर माझी उंची. तेव्हा गवंड्याला माप देण्याआधी ठरवा की कट्ट्यावर काय येणार.

दुसरी गोष्ट पातेल्याची. चार बर्नर म्हटलं की चार भांडी एकदम चढतील असं वाटतं. ६० सेंटीमीटरच्या हॉबवर तांबड्या रश्श्याचं दहा लिटरचं पातेलं ठेवून बघा. शेजारचा बर्नर त्याच्या पोटाखाली जातो, आणि मागच्या छोट्या बर्नरवर चहाचं भांडंसुद्धा तिरकं बसतं. जत्रेला पाव्हणं आलं की मी चारातले दोनच बर्नर वापरायचे. चार हवेच असतील तर ७५ किंवा ९० सेंटीमीटरचा घ्या, आणि जाळी पातळ पत्र्याची नको, बिडाची घ्या. नाहीतर तीन बर्नर पुरे. त्यातला एक मोठा आणि तो कडेला. मधला मोठा बर्नर फोटोत छान दिसतो, पण त्यावर पातेलं चढवलं की दोन्ही बाजू अडतात.

साफसफाईत हॉब जिंकतो असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. वरची काच एका फडक्यात लख्ख होते. पण दूध उतू गेलं आणि बर्नरच्या कडेनं आत उतरलं की ते दिसत नाही, आणि हॉब उचलून खाली पुसताही येत नाही. शेगडी मात्र एक बाजू धरून उचलली, खालून पुसली, झालं. झुरळांना हॉबखालची ऊबदार फट फार आवडते, हे मी अनुभवानं सांगते.

दुरुस्तीचंही तसंच. शेगडीचा नॉब घट्ट झाला, जेट चोंदला तर कोपऱ्यावरचा माणूस थोड्या पैशात करून देतो. हॉबला बहुधा कंपनीचा माणूस लागतो, आणि तो त्याच्या सवडीनं येतो. आणखी एक पुढची अडचण असते. प्रत्येक कंपनीचं, कधी कधी प्रत्येक मॉडेलचं कटिंगचं माप वेगळं. दहा वर्षांनी हॉब बदलायचा झाला की नवा एकतर बसत नाही, नाहीतर कडेला फट दिसते. म्हणून हॉब आधी घरात आणा, त्याच्या खोक्यातला मापाचा कागद मिस्त्रीच्या हातात द्या, आणि काम झालं की तोच कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

हॉबच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. चांगल्या हॉबमध्ये ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय असते. बर्नरजवळ एक छोटी दांडी असते. ती गरम आहे तोवरच गॅस चालू राहतो. पेटवल्यावर नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो तो यासाठीच. घरात वयस्कर माणूस चहा ठेवून टीव्हीसमोर बसत असेल, तर ही सोय बाकी सगळ्या तक्रारींवर मात करते. काही शेगड्यांतही ती मिळते. दुकानात "फ्लेम फेल्युअर डिव्हाइस" असं नाव घेऊन विचारा.

आता काचेबद्दल. माझी एक काचेची शेगडी फुटली होती. कढईतलं काम उरकून लगेच शेजारची पाण्याची कळशी हलवली, पाणी तापल्या काचेवर सांडलं आणि फट्. टफन्ड काच फुटते तेव्हा तिचे बारीक दाणे होतात, सुरीसारखे तुकडे होत नाहीत, त्यामुळं कुणाला लागलं नाही. पण भाजीत काच गेली. कंपनीनं "ग्राहकाची चूक" म्हणून हात वर केले. पाणी माझ्याच हातून सांडलं होतं, तेव्हा मी भांडले पण फार नाही. तेव्हापासून माझं मत स्टीलचं. दिसायला साधी, चरे पडतात, पण निमूट काम करते.

इंडक्शन: चुंबक खिशात घेऊन जा

इंडक्शनमध्ये काच स्वतःहून तापत नाही, भांडं तापतं. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून फार वेगानं दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो, त्यानं भांड्याच्या बुडात प्रवाह फिरतो आणि बूडच गरम होतं. म्हणून बुडाला चुंबक चिकटलं पाहिजे. लोखंड, बीड आणि ठरावीक स्टील चालतं. ॲल्युमिनियमचा कुकर, पितळेचं पातेलं, तांब्याचं भांडं, मातीचं मडकं यांना इंडक्शन ओळखतच नाही. जावेच्या घरातली भांडी आम्ही फ्रिजवरचं चुंबक घेऊन तपासली. निम्मी नापास. तिच्या आईनं दिलेली कल्हईची पितळी पातेली तर सगळी. इंडक्शनची किंमत विचारताना या नव्या भांड्यांचाही खर्च धरा.

तांबड्या-पांढऱ्यापुरतं बोलायचं तर अडचण पांढऱ्यात आहे. नारळाचं दूध घातलं की रस्सा मंद, एकसारख्या आचेवर राहिला पाहिजे. उकळी जोरात फुटली की दूध फाटतं. स्वस्त इंडक्शन कमी आचेवर खरं तर कमी होत नाही. ते जोरात चालू होतं, बंद होतं, परत चालू होतं. पातेल्यात बघा, खदखद, मग शांत, परत खदखद. महागाच्या इंडक्शनमध्ये हा दोष बराच कमी असतो. माझ्याकडचं स्वस्तातलं आहे, म्हणून पांढरा रस्सा मी शेगडीवरच करते.

भाकरीचं तर विचारूच नका. लोखंडी तवा चालतो, पण बूड सपाट हवं. आपला खोलगट तवा काचेवर मधोमधच टेकतो. वेटोळं भाकरीपेक्षा लहान असतं, त्यामुळं मधे करपते आणि कडा कच्च्या राहतात. आणि शेवटी भाकरी विस्तवावर टाकून टम्म फुगवायची, ती कशावर? फडक्यानं दाबून दाबून फुगवता येते, मी केलीय. पण ती ज्वारीची भाकरी आहे हे सासऱ्यांना सांगावं लागलं. वांगं भाजणं, पापड, वाटणासाठी अख्खा कांदा जाळावर काळा करणं, ही कामं सगळी आगीचीच.

मग इंडक्शन कशासाठी? रोजच्या बिनबोभाट कामांसाठी. चहा, दूध, भात, कुकर, अंडी. लिटरभर पाणी २००० वॅटवर साडेतीन मिनिटांच्या आत उकळतं. आणि एप्रिलमध्ये खरी गंमत असते: पंखा चालू ठेवून स्वयंपाक करता येतो! ज्योत नाही, त्यामुळं विझायची भीती नाही. ज्यानं मे महिन्यात कोल्हापुरात पंखा बंद करून पन्नास पुरणपोळ्या लाटल्यात, त्यालाच याची किंमत कळेल.

पण सॉकेट १६ अँपिअरचं हवं. २००० वॅटचं यंत्र जवळजवळ ९ अँपिअर ओढतं, ते ६ अँपिअरच्या साध्या प्लगला झेपत नाही. पेठांतल्या जुन्या घरांत वायरिंगही जुनं असतं, तेव्हा आधी वायरमनला दाखवा. कट्ट्यात बसवायचं चार जागांचं इंडक्शन ७ किलोवॅटच्या आसपास जातं. त्याला स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि मीटरचा मंजूर भार तपासणं आलं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

खर्चाचा हिशोब मी असा मांडते. एका भरल्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट इतकी ऊर्जा असते. गॅसवर त्यातली दोन तृतीयांश भांड्यात जाते, इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के. म्हणजे एक सिलिंडर पूर्ण वाचवायला १४० ते १५० युनिट वीज लागेल. आता महावितरणचं बिल काढा. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला वेगळा, पुढं आणखी चढा. इंडक्शनचे युनिट तुमच्या आधीच्या वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना तुमचा सगळ्यात वरचा दर लावा, इंधन आकार आणि कर धरून, आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून बघा. महिन्याला ७०-८० युनिट वापरणाऱ्या दोघांच्या घरात आणि एसी असलेल्या घरात उत्तर वेगळं येतं. छतावर सोलर असेल तर प्रश्नच मिटला.

इन्फ्रारेडबद्दल, म्हणजे इंडक्शनसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या विजेच्या शेगडीबद्दल, दोनच वाक्यं: सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं, पितळसुद्धा. पण काच लालभडक होते, बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते आणि वीज जास्त खाते.

आणि पुराचं पाणी

कोल्हापुरात हा मुद्दा सोडून चालत नाही. पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा बघत बसतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. वीज गेली, आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्यानं गाड्या अडकल्या. ज्यांच्याकडं फक्त इंडक्शन होतं त्यांची चूल पहिल्याच दिवशी बंद. ज्यांचा सिलिंडर त्याच आठवड्यात संपला तेही अडले. म्हणून मी दोन्ही ठेवते, आणि जूनमध्ये दुसरा सिलिंडर भरलेला असतो.

शहरात काही भागांत पाइपचा गॅस आलाय. तुमच्याकडं येणार असेल तर हॉब किंवा शेगडी घेताना विचारा की त्याचे जेट मिळतात का. पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. तोवर सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर दाराला खालच्या बाजूला जाळी हवीच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. नळी नारंगी सुरक्षा नळीच घ्या आणि पाच वर्षांनी बदला.

जावेला मी एवढंच सांगितलं: दोघं नोकरी करता, आठवड्यातून तीनदा भाकरी, सासू-सासरे महिनाभर येऊन राहतात, पाव्हणं वर्षातून चारदा. तुला चार बर्नरचा हॉब नको. कट्टा न कापता तीन बर्नरची स्टीलची शेगडी घे, ज्योत विझली की गॅस बंद होणारी. शेजारी १६ अँपिअरचे दोन पॉइंट काढून घे, एक आत्ताच्या इंडक्शनला, एक पुढच्यासाठी. हॉबची हौस असेलच तर रोज रात्री कट्टा धुणारी तू आहेस का, ते आधी बघ.

ती रुसली थोडी. चित्रातला काळा ग्रॅनाइट तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. मग शनिवारी शाहूपुरीतल्या दुकानात आम्ही पिशवीतून तिचा तवा आणि माझं दहा लिटरचं पातेलं घेऊन गेलो. दुकानातला पोरगा हसला. तिनं पातेलं हॉबवर ठेवलं, मग तवा शेजारी ठेवायला गेली. तो बसेना. हॉब बाजूला सारून तिनं विचारलं, "स्टीलमध्ये तीन बर्नरची दाखवा."