एन स्केलची रेल्वे, ठाण्याचा फ्लॅट आणि एक अख्खा पावसाळा

ठाण्यात टू बीएचकेमध्ये राहून मॉडेल रेल्वे करायची म्हटली की पहिला प्रश्न स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्शाची गाडी घ्यायची याचा, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा घराच्या भिंतीच देऊन टाकतात. एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिलिमीटर. एचओमध्ये १८ इंच त्रिज्येचं वळण धरलं तरी गोलाचा व्यास तीन फूट होतो, आणि कडेची जागा सोडून टेबल चार फूट रुंद लागतं. असं टेबल भिंतीला लावलं की पलीकडच्या कडेला हात पोहोचत नाही, आणि गाडी घसरते ती हमखास त्याच कडेला. मी स्टूल आणि टेप घेऊन मोजून पाहिलं होतं. अडीच फुटांच्या पुढे हात नुसता जातो, त्याने काही काम होत नाही.

म्हणून एन स्केल. गेल्या दिवाळीत प्लायवूड आणलं, संक्रांतीच्या सुमारास दोन्ही मार्गांवर गाड्या धावायला लागल्या आणि आता पावसाळा सरला आहे. कोकणपट्टीच्या हवेत एक पावसाळा काढल्याशिवाय अशा वस्तूबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून इतके महिने थांबले.

माझं मत आधीच सांगते: पैसा रुळांवर आणि वायरिंगवर घाला. इंजिन नंतर घेता येतं, बदलता येतं. खराब रूळ मात्र खडी-गवत लावल्यानंतर उखडावे लागतात आणि सोबत सगळा देखावा जातो. माझा जवळजवळ निम्मा खर्च रूळ आणि सांध्यांवर, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणाऱ्या रुळांवर, झाला आणि त्यातला एक रुपयाही मला जास्त वाटत नाही.

रूळ काटो या जपानी कंपनीचे युनिट्रॅक घेतले. यात खडीचा प्लास्टिकचा पाया रुळासकट येतो आणि तुकडे एकमेकांत खटकन बसतात. सरळ तुकडा २४८ मिलिमीटरचा, वळणं २४९, २८२, ३१५, ३४८ त्रिज्येची, म्हणजे प्रत्येकात ३३ मिलिमीटरचा फरक. शेजारच्या दोन मार्गांमधलं अंतरही तेच. मी बाहेर ३४८ आणि आत ३१५ ठेवलं. यापेक्षा लहान वळणावर छोटी इंजिनं आणि मालडबे जातात, पण लांब प्रवासी डब्यांची टोकं वळणाबाहेर इतकी लोंबतात की बघवत नाही. रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत. नावात चांदी असली तरी हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. पितळेच्या रुळांपेक्षा याचा फायदा असा की यावर धरणारा थर वीज फारशी अडवत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत हा फरक फार मोठा आहे. जुन्या बाजारात पितळी रूळ स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

प्लाय आठ बाय चारची शीट आणून तीन फूट रुंद कापून घेतली आणि लांबीत मधोमध दोन तुकडे केले. म्हणजे चार बाय तीनच्या दोन पेट्या, बोल्टने जोडलेल्या, खाली चाकं. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. साध्या एमआर ग्रेडने भागतं असं सुतारकाका म्हणत होते, पण त्यांच्या कपाटाला पाव मिलिमीटरच्या उंचसखलाने काही होत नाही, एन स्केलच्या चाकाला होतं. दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना प्रायमर मारला. जुलै-ऑगस्टमध्ये लेव्हल लावून पाहिली तेव्हा पृष्ठभाग जागच्या जागी होता. वर कॉर्कची शीट आहे, तिने आवाज निम्म्यावर येतो. रात्री खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नाही.

आठ फुटांत किती गाडी मावते हे आधीच नीट समजून घ्या. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरहून थोडी लांब असते. एनमध्ये ती एक मीटर साठ सेंटिमीटरच्या आसपास होते, एचओमध्ये तीन मीटर. माझ्या टेबलावर वळणं वजा जाता साधारण तेवढीच सरळ लांबी उरते, आणि तिच्या दोन्ही टोकांना सांधे बसवल्यावर फलाटाला जेमतेम एक मीटर. म्हणजे सहा-सात डबे. पूर्ण लोकल फिरू शकते, फलाटाला लागू शकत नाही. हे मला मान्य होतं. ज्यांना चोवीस डब्यांची एक्स्प्रेस बघायची आहे त्यांनी फ्लॅटचा नाद सोडून गावाकडच्या माळ्याचा विचार करावा.

घाटाचा मोह सगळ्यांना होतो. भोर घाटाचा चढ १:३७ आहे, आणि खऱ्या गाड्यांनाही तिथे मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. मॉडेलमध्ये एका मार्गावरून दुसरा मार्ग न्यायचा तर पाच-सहा सेंटिमीटर उंची लागते. १:४० ने चढवलं तरी चढायलाच दोन मीटरहून जास्त, आणि तेवढंच उतरायला. आठ फुटी टेबलाचा अख्खा फेरा त्यातच जातो, स्टेशनला सपाट जागा उरत नाही. मी सगळं सपाट ठेवलं आणि एका कोपऱ्यात डोंगर करून त्यातून पारसिकचा बोगदा नेला. खरा बोगदा १९१६ चा, साधारण एक किलोमीटर तीनशे मीटर लांब. स्केलने करायचा तर आठ मीटर लागतील. माझा हातभर आहे. डोंगराचं झाकण उचलता येतं, आणि बोगदा करणाऱ्या प्रत्येकाने ते तसंच ठेवावं.

आता वायरिंग. रुळांना एकाच जागी वीज दिली तर गाडी स्टेशनपाशी पळते आणि पलीकडच्या टोकाला रेंगाळते, कारण निकेल सिल्व्हरचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त आणि प्रत्येक जोडावर त्यात थोडी भर. उपाय जुना आणि खात्रीचा: टेबलाखालून दीड स्क्वेअर एमएमची लाल-काळी घरगुती वायर फिरवायची आणि दर मीटरभर अंतराने तिच्यातून बारीक वायर वर रुळाला द्यायची. काटोचे वायर जोडलेले जॉइनर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या छोट्या क्लिपा, मिळतात, त्यामुळे रुळाला सोल्डरिंग करावं लागत नाही. मी दोन मार्गांना दोन वेगळे कंट्रोलर ठेवले आणि मार्ग बदलण्याच्या सांध्यांमध्ये प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर टाकले. साधं १२ व्होल्ट डीसी. डीसीसी या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, पण एन स्केलच्या जुन्या इंजिनात त्यासाठी लागणारं छोटं सर्किट, डिकोडर, बसवणं हे घड्याळजीचं काम आहे. दोन मार्गांच्या लेआउटला डीसी पुरतं.

कंट्रोलर घेताना एक गोष्ट कटाक्षाने बघा. जपानी बाजारासाठीचा पॉवर पॅक १०० व्होल्टचा असतो, आपल्या भिंतीत २३० आहेत. जुळणारा अ‍ॅडॉप्टर नसेल तर तो खोक्यातून काढूही नका. एलईडीच्या पट्टीचा स्वस्त डिमर लावून गाडी चालवणारेही आहेत. चालते, पण कमी फ्रिक्वेन्सीचे ते झटके कोअरलेस, म्हणजे आत लोखंडी गाभा नसलेली, मोटर तापवतात, आणि नव्या इंजिनांत त्याच मोटरी येऊ लागल्या आहेत.

परदेशातून मागवणार असाल तर आयातशुल्क धरूनच हिशेब करा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं होतं. दर बदलत राहतात, तेव्हा ऑर्डर द्यायच्या आठवड्यातला दर तपासा आणि त्यावर कुरिअरवाल्याची हाताळणीची फी वेगळी धरा. माझं एक पार्सल कागदपत्रांसाठी बरंच अडकलं होतं. खोक्यावर काय आहे ते स्पष्ट लिहिलेलं असेल तर सुटका लवकर होते.

भारतीय गाड्यांच्या बाबतीत एक सत्य स्वीकारावं लागतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:१६० ने तो साडेदहा मिलिमीटर व्हायला हवा, आणि सगळ्या जगाचे एन रूळ नऊचे, कारण ते १४३५ च्या स्टँडर्ड गेजवर बेतलेले. त्यामुळे आपलं इंजिन त्यावर किंचित अरुंद पायांवर उभं दिसतं. एचओमध्ये हीच तफावत पावणेतीन मिलिमीटरची होते आणि जास्त डोळ्यात भरते. गंमत म्हणजे घोडबंदर रोडवर खांबांवरून येणारी मेट्रो १४३५ वरच धावणार आहे, म्हणजे ठाण्यातली एक गाडी तरी या रुळांवर अगदी मापात बसेल. मार्गाच्या कडेने तो उड्डाणमार्ग करायचं माझ्या मनात पक्कं आहे.

चालवण्याची खरी गोडी मला सासऱ्यांमुळे लागली. नाना रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. नुसती गोल फिरणारी गाडी ते दोन मिनिटं बघायचे आणि पेपर उघडायचे. मग मी सांध्यांची बटणं बदलली. काटोचा सांधा दोन वायरींच्या कॉइलवर चालतो. कॉइलमध्ये वीज सतत राहिली तर ती जळते, म्हणून वायरीच्या मधे २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर टाकायचा. तो क्षणभर झटका देतो आणि गप्प बसतो. डीपीडीटी टॉगल म्हणजे एका खटक्यात दोन वेगळी सर्किटं बदलणारं बटण; त्याच्या एका बाजूने हा सांधा आणि दुसऱ्या बाजूने सिग्नलचा एलईडी, एक किलोओहमचा रेझिस्टर लावून. सांधा मेन लाइनला लावला की सिग्नल हिरवा, सायडिंगला, म्हणजे डबे उभे करायच्या बाजूच्या मार्गाला, लावला की लाल.

नानांनी चष्मा लावून खालून वायर तपासली आणि म्हणाले, "सूनबाई, हा दिवा बटण कुठे आहे ते सांगतो, सांधा कुठे आहे ते नाही." खऱ्या रेल्वेत सांध्याची पाती, म्हणजे त्यातले सरकणारे रूळ, पूर्ण जागेवर बसून लॉक झाल्याचं सिद्ध होईपर्यंत सिग्नल मिळतच नाही, म्हणून हे अगदी बरोबर होतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: आधी सांधा, मग डोळ्यांनी पातं बघायचं, मग गाडी. मुलगा मोटरमन, नाना स्टेशन मास्तर, सांधेवाली मी. कागदावर अर्ध्या तासाचं वेळापत्रक असतं. लोकलला बाजूला घेऊन मेल पुढे काढायची, मालगाडीचे दोन डबे सायडिंगला ठेवायचे, इंजिन मोकळं करून परत आणायचं. असं चालवायला लागलो आणि रुळांच्या दर्जाचं महत्त्व सगळ्यांना पटलं, कारण शंटिंगमध्ये इंजिन मुंगीच्या पावलांनी सांध्यावरून जातं आणि तिथे संपर्क तुटला की थांबतंच. वेगातल्या गाडीत हा दोष लपून जातो.

देखभालीचं सांगायचं तर पावसाळ्यापेक्षा धूळ जास्त छळते. आसपास बांधकामं सुरू असली की खिडकी बंद ठेवूनही रुळांवर करडा थर येतो. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं. पॉलिश पेपर कधीही नाही, त्याच्या चरांत मळ आणखी धरतो. इंजिनाची चाकंही पुसा, खास करून ज्या चाकांवर रबरी टायर असतो ती. झाकायला जुनी चादर वापरू नका, तिचे धागे चाकांच्या आसांना गुंडाळतात. मी जाड प्लास्टिकची शीट वापरते. तेल फक्त प्लास्टिकला चालणारं, सुईच्या टोकाएवढं.

देखाव्यासाठी वाळवलेली चहा पावडर आणि रंगवलेला भुसा वापरा असं सगळीकडे वाचायला मिळतं. चहा पावडर मातीसारखी सुरेख दिसते, पण आपल्या दमट हवेत तिला बुरशी धरते आणि मुंग्याही येतात. चाळलेली वाळू आणि पातळ फेविकॉल यांनी तेच काम होतं आणि ते टिकतं.

लहान मुलांच्या घरात एन स्केल आणू नका. कपलिंग नखाएवढं असतं आणि हाताळताना तुटतं. आठ-नऊ वर्षांखालचं मूल असेल आणि जागा असेल तर एचओ जास्त मजबूत पडतं. ठरवण्याआधी शक्य तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या. ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे, एचओमध्ये आहे, आणि एवढ्या गाड्या एकत्र बघून आपल्याला नक्की काय हवंय ते लगेच कळतं.

गणपतीत हॉल रिकामा लागतो. बोल्ट सोडले, मधले रुळांचे जोडतुकडे काढले आणि दोन्ही पेट्या बेडरूममध्ये कपाटाला टेकवून उभ्या केल्या. विसर्जनानंतर परत जोडल्या तेव्हा एक जोड थोडा सरकलेला होता, बाकी गाडी त्याच संध्याकाळी धावली. पेट्या चार फुटांच्या केल्या नसत्या तर हे जमलं नसतं. येत्या दिवाळीच्या खरेदीत आणखी दोन सांधे, एक सायडिंगभर रूळ आणि वायरचं भेंडोळं आहे. नानांनी यादीत त्यापुढे स्वतःच्या अक्षरात मायक्रोस्विच लिहिलेत, सांध्याच्या पात्याला लावायला.