साखरेचे शीतपेय, फळांचा रस की ‘शुगर-फ्री’: बदल करू पाहणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

रोज गोड पेय घेण्याची सवय असलेल्या आणि ती बदलू पाहणाऱ्या माणसासमोर साधारणपणे चार वाटा असतात: तेच पेय कमी प्रमाणात घेणे, त्याऐवजी फळांचा रस घेणे, कृत्रिम गोडीचे पेय घेणे किंवा पाणी आणि बिनसाखरेच्या चहा-कॉफीकडे वळणे. यांतील एकही वाट सर्वांना सारखीच लागू पडत नाही, कारण नवे पेय कशाच्या जागी येते यावरच त्याचा परिणाम बराचसा ठरतो.

तुलनेसाठी एक मापदंड उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या शिफारशीनुसार दिवसभरातील एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त शर्करेतून यावी आणि जमल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली ठेवावे. २,००० किलोकॅलरींच्या आहारात या दोन मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. मुक्त शर्करेत वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर येते. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर येत नाही. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे कडक मर्यादा पहिल्याच कॅनमध्ये ओलांडली जाते.

खाल्लेली साखर आणि प्यायलेली साखर

साखरेत वजन वाढवणारा काही खास गुण आहे, असा समज बराच पसरलेला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यातून मात्र असे दिसले की एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवून साखरेच्या जागी इतर कर्बोदके दिली, तर वजनात फरक पडत नाही. साखर कमी केल्याने एकूण खाणे कमी झाले, तरच वजन उतरते. मग पेयांवरच एवढा रोख का? कारण पोटात गेलेल्या द्रवातल्या कॅलरींची दखल भूक नीट घेत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच व्यक्तींना चार आठवडे जेलीच्या गोळ्यांतून आणि चार आठवडे सोड्यातून रोज ४५० किलोकॅलरी जादा देण्यात आल्या. गोळ्या खाल्ल्या त्या काळात लोकांचे बाकीचे खाणे आपोआप कमी झाले, सोड्याच्या काळात झाले नाही. प्रयोग लहान होता, अवघ्या १५ जणांवरचा. तरीही पेयातली साखर जेवणात भर घालते, जेवणाची जागा घेत नाही, हे त्यातून चांगले कळते.

वजनाव्यतिरिक्तही काही घडते. अनेक दीर्घकालीन पाहण्यांच्या एकत्रित विश्लेषणात रोज एक माप साखरेचे पेय घेणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळले आणि स्थूलतेचा परिणाम वजा केल्यावरही १३ टक्क्यांचा फरक उरला. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असतात. ग्लुकोज शरीरभर वापरले जाते, तर फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतात जातो, आणि तो थोड्या वेळात भरपूर आला की त्यातल्या काही भागाची चरबी बनते. रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) आणि युरिक ॲसिड वाढण्यामागेही हेच फ्रुक्टोज असते. मध, तपकिरी साखर किंवा मक्याचा पाक वापरल्याने यात सांगण्याजोगा फरक पडत नाही. ५५ टक्के फ्रुक्टोज असलेला मक्याचा पाक आणि साधी साखर यकृताच्या दृष्टीने जवळपास सारखेच आहेत.

फळांचा रस

ही अदलाबदल सर्वांत फसवी आहे, असे माझे मत आहे. ताज्या संत्र्याच्या रसातही १०० मिलिलिटरमागे ८ ते १० ग्रॅम साखर असते आणि हे प्रमाण कोलाच्या जवळपास जाते. जीवनसत्त्वे आणि पोटॅशियम हा रसाचा खरा फायदा आहे, परंतु तो एका लहान पेल्यातूनही मिळतो. रस गाळताना चोथा निघून जातो आणि फळ चावून खाण्यात जो वेळ जातो तोही वाचतो, त्यामुळे तीन फळांची साखर अर्ध्या मिनिटात पोटात जाते. अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे, खाणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा धोका कमी आढळतो. फळांचा रस रोज पिणाऱ्यांमध्ये तसा लाभ दिसत नाही. तेव्हा शीतपेय सोडून तेवढाच रस पिणाऱ्याने साखरेच्या हिशेबात फारसे काही कमावलेले नसते.

कृत्रिम गोडीची पेये

येथे पुरावा दोन दिशांना बोट दाखवतो. नेदरलँड्समध्ये सुमारे ५ ते ११ वर्षे वयाच्या ६४१ मुलांना १८ महिने रोज २५० मिलिलिटर पेय देण्यात आले. काहींना साखरेचे, काहींना बिनसाखरेचे, आणि कोणाला कोणते मिळते आहे हे मुलांनाही ठाऊक नव्हते. साखरेचे पेय घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी ७.३७ किलोने वाढले, तर बिनसाखरेचे घेणाऱ्यांचे ६.३५ किलोने. म्हणजे साखरेच्या जागी आलेले ‘शुगर-फ्री’ पेय वजनाच्या बाबतीत उपयोगी पडते. तरीही २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने वजन नियंत्रणासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नये, अशी सशर्त शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. दीर्घकालीन पाहण्यांमध्ये ही पेये घेणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळतो खरा, परंतु वजन वाढू लागलेली माणसेच अशा पेयांकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करणे अवघड होते. स्थूलतेचा हिशेब धरल्यावर मधुमेहाचे हे जादा प्रमाण २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येते.

कर्करोगाच्या भीतीबद्दल थोडक्यात: २०२३ मध्ये ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडी देणाऱ्या पदार्थाची नोंद ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात झाली, मात्र त्याच वेळी शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही आधीची मर्यादा कायम ठेवण्यात आली. ७० किलो वजनाच्या व्यक्तीला ती ओलांडण्यासाठी रोज ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम पूर्णपणे टाळलेच पाहिजे.

दातांच्या बाबतीत ‘शुगर-फ्री’ हे लेबल निम्मेच खरे ठरते. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील, म्हणजे दातांच्या बाहेरच्या कठीण थरातील खनिजे विरघळू लागतात. बिनसाखरेच्या पेयात जिवाणूंना खाद्य मिळत नाही, पण फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्लामुळे ते पेय मुळातच आम्लधर्मी असते. एकच बाटली दिवसभर घोट घोट पिणे दातांना अधिक बाधते, मग पेय यांपैकी कोणतेही असो.

कोणी काय निवडावे

दिवसाला दोन-तीन कॅन घेणाऱ्याला थेट पाण्यावर येणे जमत नसेल, तर काही महिने बिनसाखरेचे पेय घेणे समजण्यासारखे आहे. आज काहीच गोड न पिणाऱ्याने ते नव्याने सुरू करण्याचे कारण नाही. लहान मुलांसाठी पाणी आणि साधे दूध पुरेसे असते. महिन्यातून एखाद्या वेळी शीतपेय पिणाऱ्याने या साऱ्या हिशेबात पडण्याची गरज नाही. तेच पेय पण कमी, हा मार्ग ज्यांना प्रमाण पाळता येते त्यांच्यासाठी ठीक आहे, फक्त लेबलवरचा साखरेचा आकडा १०० मिलिलिटरचा आहे की पूर्ण बाटलीचा, हे पाहून घ्यावे.

इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीची रक्तशर्करा अचानक खाली गेली, तर मात्र क्रम उलटा होतो. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम झटपट शोषली जाणारी साखर लागते, ती साध्या कोलाच्या किंवा रसाच्या साधारण १५० मिलिलिटरमधून मिळते, आणि ‘शुगर-फ्री’ पेयाचा काहीही उपयोग होत नाही.